चाळकेवाडीचा सडा : पवनचक्की, तिसा आणि सरडा

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरकडे जाणारा रस्ता धबधब्यापाशी संपतो, असा अनेक पर्यटकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो पुढेही चढत राहतो. धबधब्यानंतर काही किलोमीटर गेले की झाडी विरळ होत होत एकाएकी नाहीशी होते आणि समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर पसरलेला, तांबूस-काळ्या कातळाचा उघडा माथा समोर येतो. हाच चाळकेवाडीचा सडा. दक्षिणेकडे हा माथा पाटण तालुक्यातील वनकुसवड्यापर्यंत पोहोचतो, पश्चिमेला खोल दरीत कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो, आणि माथ्यावर नजर जाईल तिथे पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माथ्यावरील सरड्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये काढलेले निष्कर्ष जगभर चर्चिले गेले. साताऱ्यात त्यांची चर्चा तुलनेने कमीच झाली. हे निष्कर्ष काय होते, ते याच माथ्यावर का मिळाले आणि त्यांतून काय निघते, याचा विचार या प्रकरणात केला आहे. त्यासाठी आधी माथ्याचीच घडण समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सर्व काही त्या घडणीतून आले आहे.

जमिनीवरचे बेट

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. थर आडवे असल्यामुळे साताऱ्याचे डोंगर शिखरासारखे निमुळते होण्याऐवजी टेबलासारखे सपाट राहिले. अजिंक्यताऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर दूरवरचे माथे जवळजवळ एकाच रेषेत कापल्यासारखे दिसतात, ते याच कारणाने. पुढे उष्ण हवामान आणि भरपूर पाऊस यांमुळे सर्वांत वरच्या काळ्या पाषाणाची झीज होत गेली. त्यातील सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि ती घट्ट होऊन जांभ्याचे टणक कवच तयार झाले. कोकणात घराच्या भिंतीसाठी ज्याचे चिरे काढतात तोच हा जांभा. फक्त इथे तो हजार मीटरांवर, डोंगराच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील काही माथ्यांवर याच प्रक्रियेने बॉक्साइट तयार झाले आणि त्याच्या खाणी निघाल्या. साताऱ्यातील बहुतेक सडे त्या वाटेने गेले नाहीत, हे त्यांचे नशीब म्हणावे लागेल.

कवच टणक असल्याने माथा टिकला, परंतु कवचाच्या कडेने नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. उत्तरेला कासचे पठार आणि दक्षिणेला चाळकेवाडीचा सडा यांच्यामध्ये उरमोडीचे खोरे आहे. ठोसेघरच्या कड्यांवरून उतरणारी तारळी पूर्वेकडे वळून उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. पश्चिमेला कोयना महाबळेश्वरापासून दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी वळून कराडकडे जाते. एकेकाळी सलग असलेल्या उंच भूमीचे असे तुकडे झाले. आज कासवरून चाळकेवाडीचा माथा डोळ्यांना जवळ दिसतो, पण मधे काही शे मीटर खोल उतार, गर्द झाडी, भातखाचरे, वस्त्या आणि पाणी आहे. उघड्या जांभ्यावरच जगणाऱ्या प्राण्याला ही दरी समुद्रासारखी आहे. अशा सड्यांना पर्यावरणाचे अभ्यासक ‘अधिवास-बेट’ मानतात. समुद्रातील बेटावर जे घडते, म्हणजे मर्यादित जागा, बाहेरून क्वचितच होणारी भर आणि त्यामुळे फक्त तिथेच घडत गेलेल्या जाती, ते सर्व इथे समुद्राविना घडलेले आहे.

‘सडा’ हा शब्दही ध्यानात घ्यावा. कोकणात आणि पाटणच्या बाजूला उघड्या कातळमाथ्याला सडा म्हणतात. सडावाघापूर या गावाच्या नावातच तो आहे. सडावाघापूरला भर पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे पाणी वाऱ्याच्या झोताने उलटे वर फेकले जाते आणि ते पाहायला गर्दी जमते. नैऋत्येकडून येणारा पावसाळी वारा दरीतून कड्यावर आदळतो आणि माथ्यावर आणखी वेग घेतो. ज्या वाऱ्याने धबधबा उलटा फिरतो, त्याच वाऱ्यासाठी पवनचक्क्या या भागात आल्या. डोंगराच्या एकाच गुणाचे दोन वेगवेगळे परिणाम झाले आणि आपण त्यांतील एकालाच निसर्ग म्हणतो, ही जाता जाता नोंद.

सड्याचे वर्ष

सड्यावर माती अत्यल्प असते. बहुतेक ठिकाणी ती काही सेंटिमीटरच असते आणि तीही कातळाच्या खळग्यांत साठलेली. जून ते सप्टेंबर पाणी निथळून जायला जागा नसल्याने सगळा माथा पाणथळ होतो, तर ऑक्टोबरनंतर हीच जागा इतकी कोरडी पडते की मार्च-एप्रिलमध्ये दुपारी कातळावर अनवाणी पाय टेकवणे शक्य होत नाही. झाड उभे राहण्यासाठी मुळांना खोली लागते, ती इथे नसल्यामुळे मोठे वृक्ष नाहीत. जे उगवते ते काही आठवड्यांत फुलून, बी धरून संपते किंवा कंदाच्या रूपात पुढच्या पावसाची वाट पाहते.

म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर जे दिसते ते डोळ्यांना अविश्वसनीय वाटते. गेंदाचे पांढरे गोल बोंडे, पाणथळ जागी सीतेची आसवे, उतारावर सोनकीचा पिवळा पट्टा, तेरडा, आणि उथळ डबक्यांत वायतुरा. वायतुऱ्याला हे नाव इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुभंगलेल्या जांभळट तुऱ्यामुळे मिळाले. ही वनस्पती १९८२ मध्ये शास्त्राला नव्याने कळली, आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. सातारा परिसरातील अशा जांभ्याच्या माथ्यांवरील पावसाळी डबक्यांतच ती वाढते. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे; तिच्या बारीक पिशव्या पाण्यातील सूक्ष्म जीव ओढून घेतात, कारण जांभ्याच्या या मातीत नत्र फारसे मिळत नाही. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यानंतर फुलांच्या हंगामाची सारी गर्दी तिकडे वळली. चाळकेवाडीला फुले तशीच आहेत, गर्दी तुलनेने कमी आहे.

पण सड्याचे दुसरे वर्ष फुले संपल्यावर सुरू होते आणि ते पाहायला फार थोडे लोक जातात. फेब्रुवारीपासून गवत पिवळे पडते, कातळ उघडा होतो आणि उन्हाळ्याच्या मध्यापासून वळवाच्या सुमारापर्यंत या उजाड दिसणाऱ्या माथ्यावर सरड्यांचा हंगाम असतो. नर एखाद्या उंच धोंड्यावर चढतो, मागच्या पायांवर अंग उचलतो आणि हनुवटीपासून छातीपर्यंत घडी घालून ठेवलेला गळ्याचा पंखा उघडतो. या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी-तांबडा असे तीन रंग असतात. उघडझाप काही क्षणांची असते, पण उजाड कातळावर ती लांबून ओळखू येते. शेजारच्या धोंड्यावरील नराला जागा राखून राहण्याचा इशारा आणि मादीला बोलावणे, ही दोन्ही कामे हाच पंखा करतो.

गळ्याला पंखा असलेले सरडे पूर्वी एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातले जात. २०१६ मध्ये त्यांतील मोठ्या आणि रंगीत पंख्याच्या सरड्यांसाठी वेगळी प्रजाती मांडली गेली आणि तिला मराठीतील ‘सरडा’ हाच शब्द नाव म्हणून देण्यात आला. आपल्या बोलीतला शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात जसाच्या तसा जाऊन बसल्याची ही दुर्मीळ उदाहरणांपैकी एक घटना आहे. या प्रजातीतील ‘सरडा सुपर्बा’ ही जाती ज्या नमुन्यांवरून वर्णिली गेली, ते नमुने चाळकेवाडीच्या सड्यावरचे आहेत.

पवनचक्क्या आल्या तेव्हा

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. वारा हे एक कारण होते. दुसरे कारण आयकरातील घसाऱ्याची, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी मिळणाऱ्या वजावटीची, सवलत हे होते, ज्यामुळे वीजनिर्मितीशी पूर्वी काहीही संबंध नसलेल्या अनेक उद्योजकांनी यंत्रांत पैसे गुंतवले. वनकुसवडे आणि चाळकेवाडीचा परिसर काही वर्षांतच देशातील मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांपैकी एक झाला. प्रत्येक यंत्रासाठी काँक्रीटचा पाया, पायाच्या खोदाईतून निघालेल्या धोंड्यांचा ढीग, क्रेन पोहोचेल इतका रुंद रस्ता आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा एवढे बांधकाम लागते. सड्याच्या दृष्टीने रस्त्याचा परिणाम कधी कधी पायापेक्षा मोठा असतो, कारण कातळावरून पाणी जिकडे वाहते ती दिशा रस्त्याच्या भरावाने बदलते आणि वायतुऱ्यासारख्या डबक्यात जगणाऱ्या वनस्पतीला तेवढे पुरते. वाड्या-वस्त्यांना मात्र बारमाही रस्ता आणि काहींना राखणदारीचे काम मिळाले. हिशोबात हीही बाजू धरली पाहिजे.

या प्रकल्पांसाठी पूर्वपरवानगीचा प्रश्न फारसा आला नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीची अट नाही, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे वर्गीकरण केले तेव्हा पवनऊर्जा सर्वांत निरुपद्रवी अशा ‘पांढऱ्या’ वर्गात गेली. धूर, सांडपाणी आणि राख यांच्या मापाने पाहिले तर हे वर्गीकरण चुकीचे नाही. मुद्दा इतकाच की या मापात पक्षी आणि सरडा कुठेच बसत नाहीत.

अभ्यासात काय आढळले

ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्याचा पवनचक्क्या असलेला भाग आणि तशाच घडणीचा, पण पवनचक्क्या नसलेला जवळचा भाग यांची तुलना केली. यंत्रे तोवर दीड-दोन दशके फिरत होती, त्यामुळे त्यांचा परिणाम, जर काही असेल तर, सरड्यांच्या अनेक पिढ्यांत मुरलेला असणार होता.

पहिली मोजणी आकाशाची होती. उघड्या माथ्यावर सरड्याचे मुख्य शत्रू वरून येतात. तिसा, त्याच्या वर्गातील इतर शिकारी पक्षी आणि जागच्या जागी पंख फडकवत हवेत थांबून खाली टेहळणी करणारी कापशी घार हे त्यांतील प्रमुख. पवनचक्क्या असलेल्या भागात या पक्ष्यांचे प्रमाण दुसऱ्या भागाच्या मानाने जवळजवळ चौपट कमी आढळले आणि त्यांनी सरड्यांवर घातलेल्या झडपाही कमी होत्या. काही पक्षी पात्यांना धडकून मरतात हे जगभर नोंदलेले आहे. पण मोठा परिणाम बहुधा पक्ष्यांनी ती जागाच टाळण्याचा असतो. फिरणाऱ्या पात्यांमधून वाट काढत शिकार करण्यापेक्षा शेजारच्या मोकळ्या माथ्यावर घिरट्या घालणे त्यांना परवडते.

दुसरी मोजणी जमिनीची होती, आणि इथे अपेक्षेप्रमाणे उलटे चित्र दिसले. ज्या भागात शिकारी कमी, तिथे सरडे जास्त. वरवर पाहता सरड्यांच्या दृष्टीने ही चांगली बातमी वाटते, आणि अभ्यास इथेच थांबला असता तर पवनचक्क्यांमुळे एका प्रदेशनिष्ठ जातीची भरभराट झाली असे कोणीही म्हटले असते.

तिसरी मोजणी सरड्यांच्या वागणुकीची आणि शरीराची होती, आणि प्रकरणाला खरे वळण तिथे मिळाले. माणूस चालत जवळ गेला तर सरडा किती अंतरावर पळतो, हे मोजण्यात आले. शिकारी कमी असलेल्या भागातील सरडे माणसाला कितीतरी जवळ येऊ देत होते. त्यांची भीती कमी झाली होती. त्यांच्या रक्तात धोक्याच्या प्रसंगी वाढणाऱ्या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाणही कमी आढळले. म्हणजे बदल केवळ सवयीचा नव्हता, तो शरीराच्या प्रतिसादापर्यंत गेला होता. याच सरड्यांची अंगकाठी मात्र दुसऱ्या भागातील सरड्यांपेक्षा खालावलेली होती, आणि नरांच्या गळ्यावरील रंगांचा गडदपणा उतरलेला होता.

या निष्कर्षांची एकमेकांशी सांगड घालता येते. शिकारी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. सरडे वाढले, पण सड्यावरील किडे वाढले नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी आले. अन्न कमी म्हणून अंग बारीक आणि रंग फिका, कारण पंख्यावरचा रंग राखायला शरीराला खर्च येतो. संशोधकांनी याचे वर्णन असे केले आहे की पवनचक्की अन्नसाखळीच्या माथ्यावर आणखी एक पायरी चढवते. ती स्वतः काही खात नाही, तरी शिकाऱ्यांवर शिकारी असल्यासारखी वागते. मला हे वर्णन फार नेमके वाटते.

बेट कोणासाठी

इथे प्रकरणाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. हे सर्व याच माथ्यावर इतके स्पष्ट का दिसले?

चाळकेवाडीचा सडा हा सगळ्यांसाठी बेट नाही, हे त्याचे एक उत्तर आहे. तिशाला उरमोडीचे खोरे ओलांडायला काही मिनिटे पुरतात. कासचा माथा, चाळकेवाडीचा माथा आणि कोयनेपलीकडचे रान हा त्याच्यासाठी एकच विस्तीर्ण मुलूख आहे. सरड्यासाठी मात्र कड्याची कडा हीच त्याच्या जगाची सीमा आहे. झाडीत त्याचा पंखा दिसत नाही, आणि कातळावर जसे अंग तापवता येते तसे सावलीत येत नाही. त्यामुळे एकाच घटनेला दोघांनी दिलेले उत्तर वेगळे असते. पात्यांचा त्रास झाला, तर पक्षी सडा सोडून जातो. पक्षी गेल्यामुळे जी गर्दी होते, तिच्यात सरड्याला राहावेच लागते. मोकळ्या, सलग प्रदेशात वाढलेल्या सरड्यांपैकी काही बाजूला पसरले असते आणि दाटी हळूहळू ओसरली असती. इथे पसरायला जागाच नाही. वाऱ्याचे यंत्र उभे राहते ते हवेत, त्याला प्रतिसाद देतो तो पक्षी, आणि किंमत मोजतो तो जमिनीला बांधलेला प्राणी, असा हा क्रम आहे. हा अर्थ मी माथ्याच्या रचनेवरून लावलेला आहे. अभ्यासाचा भर अन्नसाखळीवर आहे, दऱ्यांवर नाही. तरीही सड्याचा आकार लक्षात घेतल्याशिवाय निष्कर्षांची तीव्रता समजत नाही, असे माझे मत आहे.

अभ्यासाच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. ही तुलना दोन जागांची आहे. पवनचक्क्या येण्यापूर्वी या सड्यावर किती तिसे घिरट्या घालत होते आणि सरड्यांची अंगकाठी कशी होती, याची मोजणी झालेली नव्हती, कारण ती करण्याची कोणावरही सक्ती नव्हती. त्यामुळे दोन्ही भागांत सुरुवातीपासूनच काही फरक होता का, ही शंका सैद्धांतिकदृष्ट्या शिल्लक राहते. शिकारी, संख्या, वागणूक, संप्रेरक, अंगकाठी आणि रंग अशा सहा बाजूंनी पुरावा एकाच दिशेला जातो तेव्हा ती शंका फार दुबळी होते, हेही तितकेच खरे. परंतु मंजुरीची प्रक्रिया असती तर पायाभूत मोजणी झाली असती आणि आज या परिच्छेदाची गरजच पडली नसती.

काही वाचक इथे विचारतील की सरड्याच्या गळ्यावरचा रंग उतरला म्हणून वीज बंद करायची का. तसे कोणी सुचवलेले नाही, संशोधकांनीही नाही. कोळशाच्या तुलनेत वाऱ्याची वीज पर्यावरणाला कितीतरी कमी जाचक आहे, यावर दुमत नाही. प्रश्न कोणत्या माथ्यावर आणि किती दाटीने, हा आहे. साताऱ्यात उंच, वाऱ्याचे आणि उघडे माथे पुष्कळ आहेत. पूर्वेकडे माण-खटावच्या बाजूचे डोंगर कोरडे असले, तरी त्यांतील अनेकांवर जांभ्याचे कवच नाही आणि म्हणून सड्याची ही खास वस्तीही नाही. दोन्हीकडे वारा आहे, पण दोन्हीकडे बेट नाही.

पुढचा टप्पा

हे प्रकरण संपलेले नाही, कारण यंत्रे म्हातारी होत आहेत. पहिल्या काळात उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आजच्या मानाने लहान आणि कमी क्षमतेच्या आहेत. केंद्र सरकारने जुन्या पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचे धोरण २०१६ मध्ये आणले आणि २०२३ मध्ये ते सुधारून नव्याने जाहीर केले. चाळकेवाडीसारख्या चांगल्या वाऱ्याच्या जागा अशा बदलासाठी साहजिकच आधी विचारात घेतल्या जातील. अनेक लहान यंत्रांच्या जागी थोडी मोठी यंत्रे आली, तर माथ्यावरील खांबांची दाटी कमी होईल आणि पाती आजच्यापेक्षा उंचावरून फिरतील. कापशी घार बहुतेक वेळा जमिनीपासून फार उंच न जाता टेहळणी करते, त्यामुळे तिच्यासाठी हा बदल सोयीचा ठरू शकेल. उंच घिरट्या घालणाऱ्या तिशासाठी तो तसाच सोयीचा असेल असे नाही. नव्या पायांसाठी पुन्हा खोदाई होईल आणि मोठी पाती वळवून आणायची म्हणून रस्ते पुन्हा रुंद होतील. जुने काँक्रीटचे पाये उखडायचे की तसेच ठेवायचे, हाही निर्णय घ्यावा लागेल. उखडले तर धोंड्यांचे नवे ढीग पडतील, आणि असे ढीग सरड्याला बसायला उंच जागा देतात, हे सड्यावर चालणाऱ्या कोणालाही दिसते.

या वेळी तरी पहिली मोजणी यंत्रे बदलण्याच्या आधी करता येईल. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, चाळकेवाडीच्या माथ्यावर आणि दरीपलीकडच्या पवनचक्क्या नसलेल्या माथ्यावर, सकाळच्या ठरावीक वेळी आकाशातील शिकारी पक्षी मोजायचे आणि ठरलेल्या पट्ट्यात चालत जाऊन सरडे किती अंतरावर पळतात ते नोंदायचे, एवढे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थीही करू शकतात. त्यासाठी लागते ती दुर्बीण, मोजपट्टी आणि उन्हात उभे राहण्याची तयारी. एप्रिलच्या अखेरीस दुपार कलली, की धोंड्यावरचे नर पुन्हा पंखे उघडू लागतात; दुर्बिणीतून पाहणाऱ्याने त्या वेळी निळा आणि नारिंगी रंग किती गडद दिसतो, तेही वहीत लिहून ठेवावे.